एकेरी नावाचा पासपोर्ट आणि दुबईचा व्हिसा

आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, नावाच्या रकान्यात फक्त तिचं एकटं नाव. बहिणीकडे दुबईला जायचं म्हणून व्हिसा एजंटकडे गेलो, तर पान बघताच त्यानं नकार दिला. नोव्हेंबर २०२२पासून संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक व्हिसावर असं एकेरी नाव अडतं. दुसरा एक एजंट म्हणाला, ‘करून देतो, काळजी सोडा.’ असल्या भरवशावर तिकीट काढू नका, विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवू शकते.

पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर ‘री-इश्यू’ निवडलं, वैयक्तिक तपशिलात बदल असं कारण दिलं आणि नाव-आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरलं. आधारवरचं स्पेलिंग आधीच अक्षरन् अक्षर जुळवून घेतलं होतं. नवा पासपोर्ट हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज टाकला. बिनबोभाट मंजूर झाला.

लेकीसाठी आईनं अनारसे केले, पण खसखशीऐवजी तीळ लावून. तिथे खसखशीवर बंदी आहे, चिमूटभरही नेऊ नये. तिच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत ट्रामाडॉल हे तिथे निर्बंध असलेलं वेदनाशामक होतं, त्या डॉक्टरांकडून बदलून घेतल्या. नाहीतर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते.