साडेतीन लाखात सेकंडहँड गाडी घेताय? मॉडेल नंतर, आधी मालक बघा

बजेट साडेतीन लाखांचं असेल तर गाडीला तीनच लाख आहेत असं धरून चला. बाकीचे पन्नास हजार टायर, बॅटरी, इन्शुरन्स, गाडी नावावर करायचा खर्च आणि पहिली मोठी सर्व्हिस यात कधी उडतात कळत पण नाही. मी पहिल्या गाडीत होते नव्हते तेवढे सगळे घातले आणि दोन महिन्यात क्लच गेला, मग मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. परत केले तरी अजून तो प्रत्येक लग्नात विषय काढतो.

आता सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, की सगळ्यात रिलायेबल मॉडेल कुठलं? खरं सांगायचं तर आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत मॉडेलपेक्षा ती कुणी कशी वापरली याला जास्त किंमत असते. तरी सुरुवात कुठूनतरी करायची तर ज्या गाडीचं काम तुमच्या तालुक्यातला कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून करतो तीच घ्या. म्हणजे वॅगनआर, १.२ पेट्रोलवाली स्विफ्ट किंवा डिझायर, ग्रँड आय१० पेट्रोल. इटिऑस लिव्हा पण बघा, दिसायला साधी आहे म्हणून लोक नाक मुरडतात पण दणकट आहे. फक्त इटिऑस घराण्यातल्या बऱ्याच गाड्या टॅक्सीत पळाल्यात, त्यामुळे आधी पिवळ्या पाटीवर होती का ते आरसीच्या (गाडीच्या नोंदणी पुस्तकाच्या) हिस्टरीत बघायचं.

शेवरोले आणि फोर्ड स्वस्तात मिळतात, मोह होतो. शेवरोलेने इथली विक्री २०१७ मध्ये बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. चालवायला फिगो झकास आहे, मला स्वतःला आवडते, पण घरात एकच गाडी असणार असेल आणि एका पार्टसाठी ती आठवडाभर उभी राहिलेली चालणार नसेल तर नको.

डिझेल? रोज साठ-सत्तर किलोमीटर पळणार असेल तरच. ऑफिस आणि रविवारी सिंहगड एवढंच असेल तर पेट्रोल घ्या आणि मोकळे व्हा. सीएनजी बाहेरून बसवलेली असेल तर आरसीवर चढवलीय का आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी करायची टेस्ट झालीय का ते बघा.

अजून एक, बेस मॉडेल उगाच स्वस्त नसतं. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याच्या आधीच्या बऱ्याच बेस गाड्यांमध्ये एअरबॅग नाही आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) पण नाही. त्यापेक्षा एक वर्ष जुनी पण वरच्या व्हेरियंटची बरी.

मालकाला फोन केला की सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे इंजिन थंड असताना होणारा स्टार्टिंगचा प्रॉब्लेम लपवत असू शकतो, सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्टार्ट केल्यावर मागून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये मिसळत असेल, तिथे मेकॅनिकने नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मीटरवर विश्वास ठेवू नका. चाळीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि ब्रेक पेडलचा रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत झालंय, हे कसं शक्य आहे? टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी ‘फक्त २० हजार चाललीय’ म्हणतात आणि चारही टायर २०२२ चे, तर एवढ्या कमी अंतरात का बदलले ते विचारा. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून जुना रेकॉर्ड मिळतो का बघा, मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही.

पुराचं पाणी हा आपल्याकडचा खास विषय. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या बुडाल्या. म्हणून एमएच ०९, १० किंवा ०८ दिसली की पळायचं असं नाही, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाडी बुडालेली असेल तर आतल्या टोकाला मातीचा डाग असतो. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास आला की विषय संपला. आणि कोकणातली गाडी असेल तर जॅकवर चढवून खालून पत्रा गंजलाय का बघाच.

दिल्लीची गाडी लाखभर स्वस्त दिसते. तिकडे डिझेल गाडी १० आणि पेट्रोल गाडी १५ वर्षांनंतर चालवायला बंदीचा नियम आला, म्हणून लोक काढून टाकायला लागले. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स परत भरायचा आणि आरटीओच्या चकरा, हे सगळं धरलं की फरक बराचसा आटतो.

गाडी पसंत पडली तरी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जा, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही. त्याला हजार-दीड हजार द्यायला जिवावर येतं पण द्या.

पैसे देताना घाई नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवायला लावा, त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. पेंडिंग ई-चलन ऑनलाइन बघून त्याच्याकडूनच भरून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्या समोर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याच नावावर राहतो, त्यामुळे ‘इन्शुरन्समध्ये पन्नास टक्के बोनस आहे’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर हसून सोडून द्या. पॉलिसी तुमच्या नावावर करायला १४ दिवसात अर्ज करा.

आणि गाडी ताब्यात घेताना तारखेबरोबर वेळ पण कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, कारण सकाळी त्याने तोडलेल्या सिग्नलचं चलन संध्याकाळी तुमच्या गळ्यात नको.