देशाच्या नावाचा इतिहास कसा शोधावा : श्रीलंकेचे उदाहरण

एखाद्या देशाच्या नावाचा मागोवा घेताना बहुतेक जण आधी त्या नावाचा अर्थ विचारतात आणि तिथेच फसतात. कारण अर्थ सांगणाऱ्या कथा बहुधा नाव रूढ झाल्यानंतर रचलेल्या असतात. त्याऐवजी वहीत चार रकाने आखावेत : नाव, त्याची भाषा, ते वापरणारे लोक, आणि ते कोणत्या काळी कशावर लिहिलेले आढळते.

आजच्या कायदेशीर नावापासून मागे मागे जाणे सोयीचे असते. १९४८ मध्ये स्वतंत्र झालेला 'सिलोन' २२ मे १९७२ रोजी नव्या राज्यघटनेने 'श्रीलंका' झाला आणि १९७८ च्या राज्यघटनेने त्याला 'लोकशाही समाजवादी' ही बिरुदे जोडली.

इथे थांबू नये. त्या देशाच्या प्रत्येक राजभाषेत नाव कसे लिहिले जात होते ते पाहावे, आणि त्यासाठी जुनी टपाल तिकिटे हे स्वस्त व भरवशाचे साधन आहे. १९७२ पूर्वीच्या तिकिटांवर इंग्रजीत 'सिलोन' असले तरी सिंहलीत 'लंका' आणि तमिळमध्ये 'इलंकै' असेच छापलेले दिसते. म्हणजे पूर्णपणे बदलले ते इंग्रजी नाव. सिंहलीत 'श्री' वाढले आणि तमिळमध्ये आजही 'इलंकै'च आहे. 'अमुक साली देशाचे नाव बदलले' असे लिहिण्यापूर्वी ते कोणत्या भाषेत बदलले हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या मते या साऱ्या पद्धतीत हाच प्रश्न सर्वांत जास्त फळ देतो.

पुढची पायरी परक्यांनी दिलेल्या नावांची. पोर्तुगीज १५०५ मध्ये या बेटावर पोहोचले. त्यांनी रूढ केलेले रूप डचांनी आणि नंतर इंग्रजांनी आपापल्या उच्चाराप्रमाणे वळवले आणि त्यातून 'सिलोन' स्थिरावले. त्याही आधी अरब दर्यावर्दी बेटाला 'सरनदीब' म्हणत. या दोन्ही नावांचा उगम सामान्यतः 'सिंहल' या शब्दात मानला जातो, त्यामुळे वसाहतीची खूण म्हणून टाकलेले नाव मुळात तिथल्याच लोकांच्या नावाचे फिरून आलेले रूप ठरते. (इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी १७५४ मध्ये 'सरनदीब'वरून 'सेरेंडिपिटी', म्हणजे योगायोगाने लागलेला सुखद शोध, हा इंग्रजी शब्द घडवला; गोष्ट रंजक असली तरी तो देशनामाचा पुरावा नसल्याने रकान्यांबाहेर ठेवावा.)

प्राचीन काळात शिरताना दंतकथा आणि लेख यांची कालक्रमाने गाठ घालून पाहावी. 'महावंस' या पाली ग्रंथात अशी कथा येते की, भारतातून या बेटावर उतरलेल्या राजपुत्र विजयाच्या साथीदारांचे हात तिथल्या मातीने तांबडे झाले, म्हणून त्या भूमीला 'तंबपण्णी' म्हणू लागले. हा ग्रंथ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला. 'तंबपण्णी' हे नाव मात्र इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अशोकाच्या शिलालेखांत आधीच आलेले आहे, आणि ग्रीकांचे 'ताप्रोबाने' त्यावरूनच बनले असे मानतात. तरीही सावध राहावे, कारण ताम्रपर्णी नावाची नदी तमिळनाडूतही आहे आणि शिलालेखात नेमके बेट अभिप्रेत आहे की नदीचा प्रदेश, यावर मतभेद झालेले आहेत.

'लंका' या नावाबाबत तर अधिकच जपावे. पाली ग्रंथांत या बेटाला 'लंकादीप' म्हटलेले आहे, परंतु तेवढ्यावरून रामायणातील लंका हीच, असे सिद्ध होत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी ती मध्य भारतात असावी असे मांडले होते. एकच नाव दोन ठिकाणी आढळले की वहीत दोन स्वतंत्र ओळी कराव्यात आणि स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत त्या जोडू नयेत.

शेवटी प्रत्येक जुन्या नावापुढे त्याच्या अखेरीची दोन साले लिहावीत : कायद्याने संपल्याचे आणि वापरातून गेल्याचे. कोलंबोच्या नभोवाणी संस्थेच्या नावातही १९७२ मध्ये 'श्रीलंका' आले, पण आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी ती 'रेडिओ सिलोन'च राहिली. २०११ मध्ये तिथल्या सरकारने सरकारी संस्थांच्या नावांतील उरलेसुरले 'सिलोन' काढण्याचे ठरवले, तरीही 'बँक ऑफ सिलोन' कायम आहे आणि चहा जगभर 'सिलोन टी' म्हणूनच विकला जातो. त्यामुळे 'सिलोन'पुढचे दुसरे साल अजून तरी कोरे ठेवावे लागते.