मूत्राशयाच्या कर्करोगाचा जनुकीय रिपोर्ट: या चुका टाळा

रिपोर्टवर ‘म्यूटेशन आढळले’, म्हणजे जनुकात बदल सापडला, असं दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, मुलांनाही होणार का? घाबरण्याआधी तपासलं काय ते बघा. गाठीचा तुकडा तपासला असेल तर त्यातले बहुतेक बदल जन्मजात नसतात. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींत ते आयुष्यभरात साठतात. सिगारेटच्या धुरातली रसायनं लघवीत उतरून त्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. लिंच सिंड्रोमसारखे आनुवंशिक प्रकार आहेत, पण त्यांचा निकाल रक्ताच्या किंवा लाळेच्या वेगळ्या तपासणीनेच लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ग्रेड (पेशी किती उग्र दिसतात) आणि स्टेज (आजार किती खोल किंवा दूर पसरलाय) न बघता नुसतं जनुकाचं नाव वाचल्यामुळे. ‘एफजीएफआर३ एस२४९सी’ ही ओळच घ्या. एफजीएफआर३ हे पेशीला वाढीचा संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाचं जनुक. प्रथिनाच्या साखळीतल्या २४९व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल हवं, तिथे सिस्टीन हे दुसरं बसलंय, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पण दोन शेजारच्या प्रथिनांतली ही सिस्टीनं एकमेकांना चिकटतात आणि वाढीचा संदेश बाहेरून न येताही चालूच राहतो. दाराची बेल दाबलेल्या अवस्थेत अडकावी, तसं. ऐकायला भयंकर, पण एफजीएफआर३मधले बदल सर्वाधिक सापडतात ते मूत्राशयाच्या पोकळीकडे वाढणाऱ्या, लो-ग्रेड (सौम्य) गाठींत. अशा गाठी काढल्या तरी पुन्हा पुन्हा येतात, मात्र मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत क्वचित घुसतात. स्नायूत शिरलेल्या गाठींचा रस्ता बहुधा वेगळाच असतो: त्यांतल्या साधारण निम्म्यांत टीपी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं असतं, जोडीला काही वेळा तसंच दुसरं, आरबी१. रस्ते अगदी बंदिस्त नाहीत, म्हणून एका जनुकावरून भविष्य सांगायला जाऊ नका.

टर्ट (TERT) या जनुकाच्या प्रमोटरमधला, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागातला, बदल पाहून ‘आक्रमक आहे’ म्हणणारेही भेटतात. तो सौम्य आणि उग्र, दोन्ही गाठींत सर्रास असतो. त्यावरून प्रकार ओळखता येत नाही.

प्रकाराचं नाव मात्र पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात नीट वाचा. ‘प्लाझ्मासायटॉइड’ हा दुर्मिळ प्रकार लिहिला असेल तर सीडीएच१ हे जनुक निकामी झालेलं असणं अपेक्षितच. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन नाहीसं होतं, म्हणून त्या सुट्या होऊन पसरतात. सीडीएच१ इंटरनेटवर शोधलं की आनुवंशिक पोटाचा कर्करोग समोर येतो आणि झोप उडते. इथला बदल सहसा गाठीपुरताच असतो. ‘स्मॉल सेल’ या दुसऱ्या दुर्मिळ प्रकारात टीपी५३ आणि आरबी१ दोन्ही गेलेले असणं नेहमीचं.

एफजीएफआर३ दिसलं की लगेच गोळीची चौकशी सुरू होते. अमेरिकेत २०१९मध्ये मंजूर झालेलं एर्डाफिटिनिब हे एफजीएफआरचा संदेश रोखणारं औषध पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या आजारासाठी आहे, आणि तेही आधीचे उपचार होऊन गेल्यावर. प्रत्येक वरवरच्या गाठीसाठी नाही.

आणि ‘आढळले नाही’ या शब्दांवर लगेच विसंबू नका. तपासलेल्या जनुकांची यादी, नमुन्यातलं गाठीच्या पेशींचं प्रमाण आणि तुकडा कोणत्या तारखेच्या शस्त्रक्रियेतला, या तीन नोंदी आधी शोधा. आजार परत आला असेल आणि तपासणी जुन्या तुकड्यावर झाली असेल, तर नव्या गाठीची पुन्हा तपासणी करायची का, हे डॉक्टरांना थेट विचारा.