गणपतीला गावी, लहान मुलांना घेऊन: तयारीची यादी

सुरुवात तिकिटापासून, आणि ती दोन महिने आधी. रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे घरातले जुनेजाणते अजून चार महिन्यांचा हिशोब सांगतात, तिकडे लक्ष देऊ नये. २०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ तारखेला निघायचं तर १४ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला फोन हातात हवा, प्रवाशांची नावं आणि वयं आधीच भरून ठेवलेली हवीत. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या कोकणात जाणाऱ्या गाड्यांची यादी बघता बघता वेटिंगवर जाते. मग गणपती स्पेशल गाड्या जाहीर होण्याची वाट बघायची, नाहीतर एसटी.

तुतारीचं तिकीट काढताना तारीख दोनदा बघावी. गाडी दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरातून निघणाऱ्याचं तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. दरवर्षी कुणीतरी झोपलेलं पोर खांद्यावर टाकून फलाटावर पोचतं आणि गाडी चोवीस तास आधीच गेलेली असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. उन्हाळी सुट्टीत पाठ झालेली वेळ भाद्रपदात चालत नाही.

मुलांच्या तिकिटाचं असं आहे: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वयात बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात अर्ध्या तिकिटाची बचत करू नये. सात-आठ वर्षांचं मूल आईच्या बर्थवर पायाशी झोपवलं की कुडाळपर्यंत दोघांचीही झोप होत नाही आणि गावात पहिला दिवस चिडचिडीत जातो. तीन-चार वर्षांचं मूल अंगाने दांडगं असेल तर त्याच्यासाठीही पूर्ण भाडं भरून बर्थ घेता येतो. बर्थ मिळताना खालचा मिळेल असं नाही. मधल्या किंवा वरच्या बर्थवर लहान मुलाला एकटं झोपवू नये, तिथे मोठ्याने जावं.

एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं. आई, आजी आणि दोन मुलं असा लवाजमा असेल तर एसटी स्वस्तात पडते. अडचण शौचालयाची. रात्रीची गाडी कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबणार हे वाहकाला चढतानाच विचारावं आणि त्या थांब्यावर मूल झोपलेलं असलं तरी उठवावं. पुढचा थांबा दीड-दोन तासांनी येतो.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी महामार्ग ६६ वर वडखळपासून माणगावपर्यंतचा पट्टा पोरं झोपेत असताना, म्हणजे पहाटेच्या आत, पार करायचा असं ठरवून निघावं. कोलाड, इंदापूर, माणगाव इथे बाजारपेठेतून रस्ता जातो आणि कोंडी तिथेच होते. चिपळूणकडे जाणाऱ्यांना सातारा, कराड, कुंभार्ली असा फेरा घेता येतो, कणकवलीकडच्यांना कोल्हापूरवरून घाट उतरता येतो. अंतर वाढतं, पण गाडी चालती राहते आणि मुलांना उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी सोसते. घाटात दरड आली की रस्ता बंद होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी गावात फोन करून विचारायचं. गणेशभक्तांसाठी टोलमाफीचे पास गेली काही वर्षं आरटीओ आणि पोलीस ठाण्यातून मिळतात, ते आधीच्या आठवड्यात आणून काचेवर लावावेत. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय बसवल्यास हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, पुढच्या सीटवर मांडीत बसलेलं बाळ आणि समोर एअरबॅग ही जोडी जीवघेणी आहे. बाळाने मागेच बसायचं.

घाटात उलटी होणारच हे गृहीत धरावं. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी सहसा लागत नाही, तीन ते बारा वयात जास्त लागते. निघण्याआधी दीड तास थोडंसं कोरडं खाणं, पोहे किंवा पोळी. दूध नको, आणि रिकामं पोटही नको. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक घाट सुरू व्हायच्या आधी काढून घ्यायचं, कारण डोळे स्थिर वस्तूवर आणि अंग वळणावर, यातूनच मळमळ सुरू होते. समोरची काच दिसेल अशी जागा द्यायची. डॉक्टरांनी वजनानुसार गोळी लिहून दिली असेल तर ती घाट लागल्यावर देऊन उपयोग नसतो, ती निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यावी लागते. प्रोमेथाझिन असलेली गोळी दोन वर्षांखाली अजिबात द्यायची नाही. सोबत काय ठेवायचं? भोकं नसलेल्या सात-आठ पिशव्या (भोकं आहेत का ते आधी पाणी घालून बघा), एक जुना टॉवेल, एका झिपच्या पिशवीत मुलाचा पूर्ण कपड्यांचा जोड आणि दुसऱ्या पिशवीत आईचा कुडता. शेवटची वस्तू सगळे विसरतात आणि मग ओल्या वासाच्या ओढणीत सहा तास काढतात.

सामान माणसागणिक भरू नये, लागण्याच्या वेळेगणिक भरावं. एक पिशवी प्रवासात हाताशी, एक गावात पोचल्यावरच्या पहिल्या दोन तासांची, बाकी सगळं मोठ्या बॅगेत. पोचताक्षणी घरात पूजेची धांदल असते, काकी मखरापाशी, काका भटजींना फोन लावताहेत. अशा वेळी डायपर शोधायला तीन बॅगा पडवीत उपसू नयेत. दुसऱ्या पिशवीत मुलाची झोपायची चादर, डायपर, टॉर्च, ओडोमॉस, एक खाऊचा डबा आणि पायात घालायच्या चपला एवढंच.

गाडी लहान स्टेशनावर दोन मिनिटं थांबते. आधीचं स्टेशन गेलं की सामान दाराकडे न्यायला सुरुवात करायची आणि काम आधीच वाटून घ्यायचं: एक मोठा माणूस रिकाम्या हाताने प्रथम खाली उतरेल, मुलं त्याच्या हातात, मग बॅगा, सगळ्यात शेवटी दुसरा मोठा माणूस. काही फलाट ठेंगणे आहेत, शिवाय पावसाने पायरी निसरडी असते. मूल कडेवर घेऊन पाठमोरं उतरणं टाळावं.

कपड्यांचा हिशोब एका गोष्टीवर ठरतो, भाद्रपदात कपडे वाळत नाहीत. जाड जीन्स दोन दिवस ओली राहते आणि तिला वास लागतो. पातळ सुती आणि होजिअरीचे कपडे, लहानग्याला दिवसाला तीन जोड, पाच वर्षांवरच्याला दोन. सणाचा कपडा एकच, तोही सुती. जाळीचा सिंथेटिक घागरा समईजवळ धोक्याचा. नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे न्या, घरातल्या दांडीवर जागा मिळणार नाही. डायपर दिवसाला पाच-सहा धरून दोन दिवसांचे जास्त घ्या. तालुक्याच्या बाजारात मिळतात, पण मुलाच्या मापाचे मिळतीलच असं नाही. चतुर्थीच्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात. वापरलेले डायपर शेणखतात किंवा वहाळात टाकायचे नाहीत, त्यासाठी काळी पिशवी आणि परत नेण्याची तयारी हवी.

आता औषधांचा डबा. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदीत येतं, ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. घरी एक बाटली, गावात चुलतभावाकडे दुसरी, आणि मात्रा मात्र ‘एक चमचा’ अशी लक्षात राहिलेली, इथे गडबड होते. मात्रा वजनावर असते, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेसात मिली, दुसरीतून साडेतीनच्या थोडं वर. दोन मात्रांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आपल्या बाटलीवर मुलाचं नाव, वजन आणि मिली स्केचपेनने लिहा, मोजणीचं टोपण किंवा सिरिंज रबराने बाटलीलाच बांधा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध न देता थेट डॉक्टर. चार वर्षांखाली सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं नकोत, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

ओआरएसची पाकिटं सहा-सात घ्या. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात घातलं तर क्षार जास्त होतात आणि जुलाब वाढतात. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, एकट्या मुलासाठी तेच सोयीचं. प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यावर १०० ते २००, चमच्या-चमच्याने. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. उरलेल्या जागेत थर्मामीटर, बँडेज, जंतुनाशक, मुलाची नेहमीची औषधं आणि लसीकरण कार्डाचा फोटो. इनहेलर लागत असेल तर तो हाताशीच्या पिशवीत, कारण धूप, अगरबत्ती आणि ओल्या भिंतींची बुरशी या तिन्हींनी दमेकरी मुलाला त्रास होतो.

निघायच्या आठ दिवस आधी गावच्या काकीला किंवा वहिनीला फोन करावा आणि थेट विचारावं: आम्ही कुठे झोपणार, मच्छरदाणी आहे का, संडास घराबाहेर आहे का, विहिरीला कठडा आहे का, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशाची लस असते का. नवख्या सुनेला हे विचारणं अवघड वाटतं, म्हणून फोन मुलाच्या बापाने करावा, त्याचं ते घर आहे.

सणाला घर भरलेलं असतं, झोप जमिनीवरच. तिथे मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीसाठीही लागते. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश दुखतही नाही, आणि पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणतं, पापण्या जडावलेल्या दिसतात. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा, नुसत्या सोडलेल्या जाळीचा उपयोग नाही. साप चावल्याचा संशय आला तरी बांधणं, कापणं, चोखणं काही नको, हातपाय स्थिर ठेवून १०८ किंवा मिळेल ती गाडी. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि अनेक जीव वाचले, पण त्यासाठी मूल रुग्णालयात वेळेत पोचायला हवं. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर मांत्रिकाकडे वळू नये. रोज सकाळी चपला आणि अंथरूण झटकण्याची सवय पहिल्याच दिवशी लावा. लाकडांच्या ढिगाऱ्यात आणि चिऱ्यांच्या गडग्यात हात घालायचा नाही, हे पोरांना दाखवून सांगा.

देवघराच्या खोलीत रांगत्या बाळासाठी दोन वस्तू वाईट, समई आणि कापूर. कापराची वडी पांढरी, चौकोनी, खडीसाखरेच्या वाटीशेजारीच ठेवलेली. दोन-तीन वर्षांच्या मुलाने ती तोंडात टाकली तर थोड्याशा कापरानेही झटके येतात. आरतीचं तबक उंच फळीवर ठेवण्याचं काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला द्यावं, ती मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नये. दक्षिण कोकणात माटवीला (गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळाफुलांच्या चौकटीला) टांगलेलं कवंडळाचं लालभडक फळ खाली गळून पडतं, ते खायचं नसतं. ते उचलून ठेवावं.

कमोडची सवय असलेली मुलं गावच्या संडासात बसायला नकार देतात, आणि चौथ्या दिवशी पोट दुखतं म्हणून रडतात. सुट्टीच्या महिनाभर आधी घरी उकिडवं बसायचा सराव करून घ्या. लहानग्यासाठी प्लास्टिकचं भांडं सोबत न्या, आणि केळं, पेज, पाणी यांत कसूर नको. खाण्याची फार काळजी नको. मऊ भात, मेतकूट, तूप, उकड्या तांदळाची पेज गावात मिळतेच. मोदक पोरांना एका वेळी एकच, सारण गोड आणि जड असतं. प्रवासात दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, नारळाची चटणी टिकत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, हिसका बसला की दाणा श्वासनळीत जातो. गावात पाणी उकळून गार केलेलंच, आंघोळीनंतर चूळ भरायचंही तेच.

विसर्जनाला मुलाचा हात एका नेमलेल्या माणसाने धरायचा. ‘सगळे आहेत ना’ म्हटलं की कुणीच बघत नाही. वहाळाचं पाणी गढूळ असल्याने खोली कळत नाही.

परतीचं तिकीट जातानाच काढलेलं हवं. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गर्दी जाण्यापेक्षाही जास्त असते, एक दिवस उशिरा निघालेलं बरं. मोठ्या बॅगेत एक तृतीयांश जागा मोकळी ठेवून या, कारण नारळ, तवशी आणि तांदूळ नाही म्हटलं तरी येणारच.

शेतात, चिखलात अनवाणी फिरलेल्या मुलाला परतल्यावर महिनाभरात ताप, डोळे लाल, पोटऱ्यांत दुखणं असं काही दिसलं, तर शहरातल्या डॉक्टरांना ‘गणपतीला कोकणात होतो, चिखलात खेळला’ हे आपणहून सांगा. लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, तपासणी ते त्यावरूनच लिहितात.