घरावर बँकेची नोटीस आली? निदान या चुका तरी टाळा

मार्च जवळ आला की माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांच्या पिशवीत घरकर्जाची नोटीस असतेच. आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत कारण सांगायचीही गरज नाही, सोयाबीन पावसात भिजलं, कापसाला भाव भेटला नाही, घरात कोणी दवाखान्यात होतं, अन् हप्ते राहिले. हप्ते थकले म्हणून मी कोणाला नावं ठेवत नाही. पण नोटीस आल्यानंतर लोक जे करून राहिले न, ते पाहून जीव जळतो, कारण त्यातली अर्धी घरं नुसत्या वेळेवर लिहिलेल्या एका अर्जानं सावरली असती.

आधी थोडक्यात समजून घ्या. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत कर्ज म्हणून धरते. मग बँक सरफेसी कायदा २००२ च्या कलम १३(२) खाली नोटीस पाठवते, नोटीसच्या तारखेपासून ६० दिवसांत सगळी बाकी भरा म्हणून. सगळी म्हणजे नुसते थकलेले हप्ते नाही, पूर्ण कर्ज. या कायद्यात बँकेला ताबा घ्यायसाठी आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही असं अजूनही पारावर सांगणारे आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवा की २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं लागू आहे म्हणून स्पष्ट सांगितलं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे.

नोटीस परत पाठवणं

ही सगळ्यात मोठी चूक, अन् मी सगळ्यात जास्त पाहिलेली. एका गावात पीठगिरणीवाले एक भाऊ होते, घरावर हाउसिंग फायनान्स कंपनीचं आठ लाखांचं कर्ज. पोस्टमन लिफाफा घेऊन आला तर शेजाऱ्यानं सल्ला दिला, "घेऊच नको बाप्पा, सही नाही केली तं लागू कसं होईन?" पोस्टमननं "घेण्यास नकार" असा शेरा मारला अन् लिफाफा परत नेला. दुसरा आला, तोही परत. भाऊ निश्चिंत. घरात बायकोलाही सांगितलं नाही.

नकाराचा शेरा पडला की कायद्याच्या नजरेत नोटीस मिळाल्यातच जमा. दिवस मोजणं सुरूच राहतं, फक्त आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नसतं. दोन महिने उलटले अन् एक दिवस दारावर ताब्याची नोटीस चिकटवलेली. दोन पेपरात छापूनही आली, त्यातला एक मराठी, म्हणजे साऱ्या गावानं वाचली. तेव्हा भाऊंच्या घरच्या ताई कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या.

पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर लावले. कंपनीकडून खातेउतारा मागवला, तो त्यांच्या फोनमधल्या पैसे पाठवल्याच्या नोंदींशी ताडून पाहिला. दिवाळीत वसुलीवाल्याच्या नंबरवर पाठवलेले चोवीस हजार उताऱ्यात कुठंच नव्हते. विम्याचा हप्ता कर्जात जोडलेला, तो कोणी मागितला होता त्यांना आठवेना. हेच सगळं ६० दिवसांच्या आत लेखी लिहून दिलं असतं तर कलम १३(३क) प्रमाणे कंपनीला १५ दिवसांत कारणासकट लेखी उत्तर द्यावंच लागलं असतं, अन् त्या उत्तरावर पुढं बोलता आलं असतं. ती वेळ हातची गेली होती. शेवटी लिलावाची नोटीस निघायच्या आधी तडजोड झाली, तीन टप्प्यांत पैसे भरायचं ठरलं, त्यासाठी बैलजोडी गेली अन् ताईंचं मंगळसूत्रही. वरून ताब्याचा अन् वकिलाचा खर्च कंपनीनं याच लोकांकडून घेतला. घर वाचलं, पण जे लिफाफा फोडून कमी खर्चात झालं असतं ते असं झालं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिले हेच सांगतो, लिफाफा घ्या, सही करा, अन् लिफाफ्यावरच पेनानं मिळाल्याची तारीख टाका. लिफाफा फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्याच्यावर असतो. मग नोटीसवरची तारीख पाहा अन् कॅलेंडरवर साठावा दिवस गोल करा. उत्तर मी स्वतः तरी तिसऱ्या आठवड्याच्या आत पाठवायला लावतो, शेवटच्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांशी माझं पटत नाही.

उत्तर लिहायला वकिलाची भाषा लागत नाही. नोटीसखाली ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्याच्याच नावानं, कर्ज खाते क्रमांक टाकून, साध्या मराठीत: तुमची अमुक तारखेची नोटीस मिळाली, त्यातली एवढी रक्कम मला मान्य नाही कारण या तारखांचे भरणे जमा दिसत नाहीत, पूर्ण खातेउतारा द्यावा, हप्ते या कारणानं थकले, अमुक महिन्यात तूर विकून एवढे भरू शकतो, तोवर पुढची कारवाई थांबवावी. भरल्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. एक प्रत स्पीड पोस्टानं, दुसरी शाखेत स्वतः नेऊन द्यायची अन् आपल्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का अन् तारीख दोन्ही. शाखेतला माणूस "ठेवून द्या, पाहतो" म्हणाला तर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. अन् जे भरणं होणार नाही ते कबूल करू नका, खोटा वायदा लिहिला की पुढचा खरा अर्जही कोणी वाचत नाही.

दंडाचा आकडाही नीट पाहा. २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दंडव्याज बंद आहे, दंड म्हणून शुल्क लावता येतं पण त्या शुल्कावर परत व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर तेही उत्तरात लिहा.

एक हप्ता भरला म्हणजे झालं, असं समजणं

"मी दहा हजार टाकले न भाऊ, आता कायची नोटीस?" हे वाक्य मी फार ऐकतो. एकदा एनपीए झालेलं खातं थकलेलं सगळं व्याज अन् सगळी थकलेली मुद्दल भरल्याशिवाय नियमित होत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मधात दहा-पाच हजार टाकणं वाईट नाही, बाकी तेवढी कमी होते, पण त्यानं नोटीस थांबत नाही. भरायचेच असतील तर सोबत चिठ्ठी जोडा की हे थकीत हप्त्यांपोटी आहेत.

अन् पैसे फक्त कर्ज खात्यात. वसुलीवाला दारात येऊन "रोख द्या, साहेबांशी बोलून सेट करून देतो" म्हणतो अन् लोक देतात, पावती नाही, काही नाही. सेटिंगच्या या धंद्यावर माझा फार राग आहे, घाबरलेल्या माणसाचेच पैसे खातात हे लोक. सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करणं बसत नाही, शिवीगाळ तर कधीच नाही. फोन आले तर तारीख-वेळ वहीत लिहा अन् बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

कर्जमाफीची वाट पाहणं

आपल्याकडचा हा खास रोग. २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ मध्ये महात्मा फुले योजना आली, दोन्ही शेतीच्या कर्जासाठी होत्या, घरकर्ज त्यात नव्हतं. निवडणूक जवळ आली की लोक हप्ता थांबवतात अन् सहा महिन्यांनी हातात नोटीस. सातबारा दाखवला की घर सुटते हाही तसाच समज. शेतजमीन गहाण असेल तर सरफेसी लागू होत नाही हे खरं, कलम ३१ मध्येच आहे, पण जमीन खरोखर वाहितीत पाहिजे. एनए प्लॉटवरच्या किंवा गावठाणातल्या घराला याचा उपयोग नाही.

चुकीच्या कोर्टात जाणं

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात स्टे मागायला धावू नका. कलम ३४ प्रमाणे या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, कलम १७ चा अर्ज करायचा, आपल्याला ते नागपूरला. चुकीच्या कोर्टात दोन तारखा घेतल्या की हे ४५ दिवस संपतात. डीआरटीत अर्ज करायला आधी पैसे भरायची कायद्यात सक्ती नाही, पण स्टे पाहिजे तर काही रक्कम भरा असं बरेचदा सांगतात, तेवढी सोय करूनच जा. वरच्या अपिलात मात्र निम्मी रक्कम भरावी लागते, ती फार तर पावपर्यंत कमी होते. म्हणून पहिल्याच ठिकाणी कागद पक्के पाहिजे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, बाईमाणसाला अन् अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी रस्ता सांगतात.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. नोटीस आल्यावर घर साळ्याच्या नावानं करून देऊ नका, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विकायला किंवा भाड्यानं द्यायला कलम १३(१३) नं मनाई आहे. बँकेचे भरायला गावच्या सावकाराकडून काढू नका, परवाना नसलेला असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते, पण तोवर दुसरा फास बसलेला असतो. कोऱ्या कागदावर सही नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा लेख जसाच्या तसा लावू नका, तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला चालतो, रस्ता वेगळा आहे. तहसीलदार पोलीस घेऊन आले तर त्यांच्याशी भांडू नका, ते जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाळून राहिले असतात, भांडण नागपूरला मांडायचं.

सगळे पैसे भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची नोटीस छापून यायच्या आधी भरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हक्काची शेवटची वेळ तीच आहे, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये ते पक्कं केलं. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जातो" म्हणणाऱ्यांना आता तो हक्क राहिला नाही. अन् लिलाव झालाच तर बाकी वजा जाऊन उरलेले पैसे तुमचे असतात, ते लेखी मागा. कमी पडले तर उरलेली बाकी बँक तुमच्याकडेच मागते, हेही माहीत असू द्या.

तडजोड ठरली तर तोंडी काही मानू नका. रक्कम, तारखा अन् "यानंतर काही येणे राहणार नाही" असं बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्यावरच पहिला रुपया भरा. तडजोडीनं बंद केलेलं खातं सिबिलमध्ये तडजोड म्हणूनच दिसतं, पुढं कर्ज घेताना त्रास होतो, हे बँकवाला सांगत नाही म्हणून मी सांगून ठेवतो. शेवटचा भरणा झाला की ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळायला पाहिजे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद घेताना यादी करून एकेक पान मोजून घ्या, अन् ग्रामपंचायतीच्या नमुना आठ वर किंवा सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो कमी करायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.