जुने नकाशे आणि गावांचा इतिहास पत्राने मागवताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यावर प्रवासाचे पुस्तक लिहू पाहणारे तरुण लेखक पत्रांचे मसुदे घेऊन माझ्याकडे येतात आणि त्याच त्या चुका पुन्हा पाहून मला मनापासून वाईट वाटते. ही पत्रे ज्यांना जातात ते निवृत्त गुरुजी, मोडीचे जाणकार आणि जुन्या देशपांडे-कुलकर्णी घराण्यांतले वंशज बहुधा सत्तरी ओलांडलेले असतात, आणि एका प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना माळ्यावरचे दप्तर उतरवून रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडी गाठोडी, सोडावे लागतात. त्या श्रमांची जाण पत्रात दिसलीच पाहिजे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गावाचे नुसते नाव लिहिणे. कोल्हापूरच्या छत्रपतींचे मंत्री असलेल्या पंतअमात्यांच्या जहागिरीवर मी टिपणे काढत होतो, तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांना मी लिहिले की, आपल्याकडे बावड्याचा जुना नकाशा असल्यास त्याची नक्कल मिळावी. दीड महिन्याने टपालाने एक नळकांडे आले. आत ट्रेसिंग कागदावर स्वहस्ते, अत्यंत निगुतीने उतरवलेला नकाशा होता. प्रत्येक विहीर आणि पाणंद त्यात दाखवली होती. पण तो होता कोल्हापूर शहरालगतच्या कसबा बावड्याचा, आणि मला हवा होता पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर, घाटमाथ्यावर असलेला गगनबावडा. त्यांच्या नजरेला किती त्रास झाला असेल या विचाराने मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो, आणि पुन्हा त्यांच्याकडे काही मागण्याचे धैर्य मला झाले नाही. तेव्हापासून मी गावाचे नाव मौजे (साधे खेडे) की कसबा (बाजारपेठेचे गाव) यासह, आजचा तालुका, पूर्वीची जहागीर आणि जवळची नदी किंवा घाट यांसह लिहितो. शिरोली पुलाची वेगळी आणि शिरोली दुमाला वेगळी. राधानगरी तालुक्यातले कसबा वाळवे वेगळे आणि सांगली जिल्ह्यातले वाळवे वेगळे. पत्रात एक ओळ वाढते, एवढेच.

याच दुर्लक्षाचे दुसरे रूप म्हणजे आजचा जिल्हा जुन्या काळावर लादणे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्यामुळे त्याची माहिती १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरमध्ये शोधू नये, १८८४ च्या बेळगावच्या खंडात शोधावी.

सनांचा गोंधळ मात्र अधिक घातक आहे, कारण तो छापून जाईपर्यंत कळत नाही. मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी जुनी कालगणना, अरबी शब्दांत येतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२ निघतो. नक्कल करणाऱ्याने घाईने नुसता ‘११७२’ हा आकडा उतरवला आणि वाचणाऱ्याने तो फसली, म्हणजे महसुली सन, मानला, तर तोच कागद १७६२-६३ चा ठरतो. दोन्ही सन मृगापासूनच सुरू होतात आणि दोन्ही वर्षे कोल्हापूरच्या महाराणी जिजाबाईंच्या कारभारातच पडतात, त्यामुळे नऊ वर्षांची ही तफावत डोळ्यांत भरतही नाही. म्हणून मी पत्रात विनंती करतो की, मूळ शब्द जसेच्या तसे कळवावेत. रूपांतर मी स्वतः दोनदा करतो आणि मूळ शब्द टिपणात कायम ठेवतो. रूपांतराचे तयार तक्ते मोबाइलवर मिळतात, पण त्यांना कोणता सन द्यायचा हे ठरवायला कागदच वाचावा लागतो.

मोबाइलवर तिरपा काढलेला नकाशाचा फोटो अंतरे मोजण्यासाठी निरुपयोगी असतो. नक्कल मागवताना नकाशाचा क्रमांक, वर्ष आणि कडेची प्रमाणपट्टी यांसह पूर्ण कागद मागावा. एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा नकाशा लहान करून छापला की ते लिखित प्रमाण खोटे ठरते. पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून तिच्यावर विसंबता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकित नकाशा-पत्रकांत कोल्हापूर शहर आणि पन्हाळा ४७ एल या गटात येतात, हे आधी पाहून ठेवले तर पत्रव्यवहाराची एक फेरी वाचते.

मूळ कागद टपालाने कधीही मागवू नयेत. कोणी विश्वासाने दिलाच, तर त्याचे लॅमिनेशन करू नये. एका पत्रात तीनपेक्षा अधिक प्रश्न नसावेत, आणि आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत असावे.

आठ दिवसांत उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्र धाडणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या भागांत पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की, जाणती माणसे तेव्हा रुमाल सोडतच नाहीत. तिकडची पत्रे मी दिवाळीनंतर टाकतो आणि संक्रांतीपर्यंत वाट पाहतो.