जुन्या बिजागरीतली नक्षी कागदावर

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बिजागऱ्या, कुलपांच्या झडपा, पितळी बिल्ले मिळतात. त्यांचं खरं सौंदर्य पृष्ठभागात असतं, आणि ते उतरवायचा सोपा मार्ग म्हणजे घासचित्र, म्हणजे वस्तूवर कागद ठेवून वरून मेणखडू घासत तिची नक्षी कागदावर उमटवणं. चित्रकार माक्स अर्न्स्टने 1925 मध्ये लाकडी फळ्यांच्या रेषांवरून हेच तंत्र घडवलं.

वस्तू निवडताना उठाव एक ते दोन मिलिमीटरच हवा. त्याहून खोल असेल तर कागद कडेला फाटतो. गंज कोरड्या ब्रशने झाडा, नाहीतर कण कागदाखाली अडकून नको ते ठिपके उमटतात. वस्तू पाटावर दुहेरी चिकटपट्टीने पक्की बसवा. कागद 60 ते 70 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), तोही चारही कडांनी चिकटवलेला. कागद तसूभर जरी सरकला तरी रेषा दुहेरी होतात आणि मग काही करता येत नाही.

मेणखडूचं वेष्टण काढून तो आडवा धरा. टोकाने घासलं की नक्षीऐवजी खडूचेच फराटे दिसतात. हलक्या हाताने मधून बाहेर जा, मग खडूचा दुसरा थर आडव्या दिशेने द्या. उन्हाळ्यात खडू मऊ पडून लिंपला जातो. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

पिंपळपान घ्याल तर पालथं ठेवा, शिरा त्याच बाजूला उठून असतात. पांढऱ्या खडूने घासून वरून पातळ जलरंग फिरवला तर मेण पाणी झिडकारतं आणि जाळी उजळते. मात्र तेव्हा कागद 100 जीएसएमचा घ्या.